बोटीतली खुर्ची

बोटीत खुर्ची ठेवायची नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा देवरेसाहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मग पाहुण्यांना काय फळीवर बसवू?"

मी म्हटलं, हो. बोटीत सगळे फळीवरच बसतात.

त्यांनी जीपमधून खुर्ची उतरवणाऱ्या माणसांना हातानं खूण केली, एवढंच.

देवरेसाहेब त्या ऑफिसचे हेड. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. धुळे जिल्ह्यातलं होतं, एवढं पुरे. ती खुर्ची मात्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिलेली असेल. उंच पाठीची, जाड गादीची, हाताला लोखंडी दांडे, आणि मान टेकायच्या जागी पांढरा टॉवेल. ऑफिसातून कालव्यापर्यंत तिला टॉवेलसकट आणलं होतं.

मी जळगावच्या एका डीलरकडे नोकरी करतो. आम्ही रेस्क्यू बोटी पुरवतो, म्हणजे पुरात अडकलेली माणसं काढायला लागतात त्या. बोट पोचवायची, इंजिन जोडायचं, चालवून दाखवायची आणि तिथल्या लोकांना शिकवायचं, हे माझं काम. माझं गाव यावलकडचं, केळीच्या बागांमधलं. पोहायला विहिरीत शिकलो, बाकीचं कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये.

पुरासाठी घेतलेली ही बोट जानेवारीत आली. वरातीमागून घोडं म्हणतात, पण इथं वरात घरी जाऊन झोपली होती. नदीत वाळू उघडी पडलेली. त्यामुळे उद्घाटन कालव्यावर करायचं ठरलं. रब्बीचं आवर्तन सुरू होतं. आवर्तन म्हणजे गहू-हरभऱ्यासाठी धरणातून पाळीनं सोडतात ते पाणी. सोनगीरच्या पुढे, नरडाण्याकडे वळणाऱ्या रस्त्याजवळ कालवा काठोकाठ वाहत होता. शेजारी मंडप, सतरंज्या, स्वागताचा बॅनर, गाडीभर झेंडूची फुलं. पाहुण्यांसाठी एक ॲम्ब्युलन्ससुद्धा उभी होती. पाहुणे म्हणजे देवरेसाहेबांच्याही वरचे मोठे साहेब.

जागा मला पसंत नव्हती. कालवा दिसतो शांत, पण तो नदीपेक्षा वाईट. नदीला काठ असतो, झुडूप असतं, पाय टेकायला कुठे तरी वाळू लागते. कालव्याच्या दोन्ही बाजू सिमेंटच्या, उतरत्या, आणि पाण्याच्या रेषेला शेवाळ. पडलेला माणूस काठाला हात लावतो आणि हात घसरतो. पट्टीचा पोहणाराही तिथं दमून मरतो. शिवाय खाली थोड्या अंतरावर सायफन होता. कालव्याच्या वाटेत नाला आला की कालव्याचं पाणी नाल्याच्या खालून बोगद्यातून पलीकडे नेतात, त्याला सायफन म्हणतात. तोंडाला लोखंडी जाळी असते. त्या जाळीला चिकटलेला माणूस पाण्याच्या दाबानं तिथंच राहतो.

मी शेठना फोन लावला. शेठ म्हणजे आमचे डीलर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, दहा मिनिटांचा कार्यक्रम आहे. नारळ फुटेल, फोटो निघेल, संपलं. तू एवढा जीवाला लावून घेऊ नकोस."

माझ्या मदतीला त्या ऑफिसचे शिपाई नामदेव आबा दिले होते. सकाळी थंडी अशी होती की इंजिनाचं लोखंड हाताला डसत होतं. आबांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि पेट्रोलचा कॅन उचलायला माझ्याआधी हात घालत होते. काम करताना बोलत होते. गाव तिथून जवळच, सोनगीरच्या अंगाला. उन्हाळ्यात रिटायर होणार होते.

रिटायर होणाऱ्या माणसाला त्या ऑफिसात एक मान होता. शेवटच्या दिवशी शाल-नारळ, फेटा, आणि मग ऑफिसची जीप त्याला गावापर्यंत सोडायला जायची. साहेब स्वतः सोबत. गावाच्या वेशीवर वाजंत्री, आणि भावकी उभी. आबांनी आतापर्यंत कितीतरी जणांच्या जीपमध्ये मागे बसून, मांडीवर हार धरून असा प्रवास केला होता. आता पुढच्या सीटवर बसायची त्यांची पाळी होती.

"आतेलगून एक मेमो नही माले, भाऊ," ते म्हणाले. "सायेब सोता येतीन गावलोंग."

आतापर्यंत एकही मेमो नाही म्हणून साहेब गावापर्यंत येणार, हे ते इतक्या सरळ सांगत होते की मला चेष्टा करावीशी वाटली नाही. नाहीतर आम्ही केळीपट्ट्यातले लोक अहिराणी बोलणाऱ्यांची थट्टा केल्याशिवाय राहत नाही, आणि तेही आमची करतात.

मी सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट मांडून ठेवली होती. आबांना पोहता येत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणून त्यांचं जॅकेट मी माझ्या हातानं बांधलं, खालचा पट्टा मांडीखालून घेऊन. तो पट्टा नसला तर पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खाली.

पाहुणे उशिरा आले. नारळ बोटीच्या टोकावर फुटला, पाणी आत सांडलं. फायबरच्या तळावर नारळाचं पाणी म्हणजे साबण. मी फडक्यानं पुसत होतो तोवर खुर्ची आत आलीच. मी पाहुण्यांपुढे जॅकेट धरलं. त्यांनी ते बघितलं, आपला कडक इस्त्रीचा कोट बघितला, आणि हसून म्हणाले की फोटोत बरं दिसणार नाही.

त्यांनी घातलं नाही म्हणून देवरेसाहेबांनी घातलेलं काढलं. देवरेसाहेबांनी काढलं म्हणून त्यांच्या क्लार्कनं काढलं. आबांच्या अंगात तसंच होतं. देवरेसाहेबांची नजर त्यांच्यावर गेली. ते हळू आवाजातच म्हणाले, "साहेब बिनजॅकेटचे बसणार आणि तुम्ही घालून बसणार का नामदेव?"

आबांनी मी बांधलेला पट्टा सोडला. मी मध्ये बोललो. देवरेसाहेब म्हणाले की तुम्ही तुमचं इंजिन बघा. मी माझं जॅकेट काढलं नाही. मी बाहेरचा माणूस, मला कुणाचा मेमो येणार नव्हता.

आता खुर्चीबद्दल. बोटीचा एकच मोठा नियम आहे, वजन खाली ठेवायचं. हौदात परात सोडा आणि तिच्यात तांब्या ठेवा, परात तरंगते. तांब्यावर तांब्या ठेवून बघा. फळी खाली असते ती यासाठीच, गरिबीमुळे नव्हे. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं माझ्या उभ्या डोक्याइतकं वर जात होतं. हे सगळं मी सांगितलं होतं. देवरेसाहेबांनी त्यावर आपला तोडगा काढला. आबांनी मागे गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरायची.

"सोडायची नाही. काही झालं तरी," ते आबांना म्हणाले.

आम्ही पाच जण निघालो. पाहुणे खुर्चीवर, देवरेसाहेब आणि क्लार्क फळीवर, आबा खुर्चीमागे, मी इंजिनावर. मी अगदी हळू चालवत होतो. माझ्या मनगटाला लाल दोरी होती. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या बटणात अडकवतात. चालवणारा पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं, म्हणजे पंखा कुणाला कापत नाही. त्या दिवशी नियमाप्रमाणे चाललेली ती एकच वस्तू.

मधोमध आल्यावर काठावरच्या फोटोवाल्यानं हात वर केला आणि साहेब, इकडे, असं ओरडला. पाहुणे काठाकडे बघून हसले. आणि हात हलवायला खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मी बसा म्हणायच्या आत देवरेसाहेब उठले. त्यांच्या मागोमाग क्लार्क उठला. पाहुणे उठले की सगळ्यांनी उठायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की पायाखाली जमीन आहे की पाणी, हे बघायची पाळीच आली नाही. वर तिघेही फोटोसाठी एकाच बाजूला वळले. बोट कलली. पाहुण्यांचा तोल गेला, त्यांना धरायला दोघे त्याच बाजूला धावले, आणि बोटीनं आम्हा सगळ्यांना ओतून दिलं. माझ्याखेरीज बसून राहिलेले फक्त आबा होते.

थंड पाण्यात माणूस पडतो तेव्हा पहिल्यांदा बुडत नाही. पहिल्यांदा तो श्वास ओढतो. इच्छा असो नसो, छाती आपोआप मोठा श्वास घेते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. म्हणून आम्ही शिकवतो की पडल्यावर हातपाय मारू नका, नुसते तरंगा, श्वास ताब्यात आला की मग पुढचं बघा. मी हे शेकडो लोकांना शिकवलंय. धरणाच्या तळाचं पाणी, वर खानदेशातला जानेवारी. शिकवणाऱ्याचीही छाती आवळली, डोळ्यापुढे पांढरं आलं, आणि जॅकेट नसतं तर मी आज हे लिहायला नसतो.

मान वर आली तेव्हा इंजिन बंद होतं आणि बोट अर्धी पाण्यानं भरून तरंगत होती. पाहुणे आणि क्लार्क तिच्या कडेला लटकले होते, देवरेसाहेब पाहुण्यांच्या कोटाला. काठावरच्या लोकांनी मंडपाचे दोर सोडून त्यांच्याकडे फेकायला सुरुवात केली होती. तीन माणसं, तीस ओरडणारे. पण आबा तिथं नव्हते.

ते बरेच पुढे वाहत गेले होते. आधी मला टॉवेल दिसला, मग खुर्चीची पाठ, मग मफलर. गादीत हवा असते तोवर खुर्ची तरंगते, ती भिजत जाते तशी जड होते. ती आता बुडायला लागली होती आणि आबांना बरोबर घेऊन चालली होती.

मी पोहत त्यांच्याजवळ गेलो. समोर सायफनचा कठडा दिसत होता. आबांचे ओठ निळे पडले होते, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांभोवती. मी ओरडलो की आबा, खुर्ची सोडा, मला धरा.

त्यांनी मान हलवली. दात वाजत होते, तरी शब्द नीट कळले.

"सायेबनी सांगेल शे, सोडू नको."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. नंतर देवरेसाहेबांचा आला, पाहुण्यांचा आला, शेठचा आला, पण पहिला आला तो आबांचाच, हे खोटं कशाला सांगू. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. सुटत नव्हती. शेवटी मनगटावर गुद्दा मारला आणि खुर्चीला लाथ घातली. ती फिरत फिरत पुढे गेली आणि जाळीवर आपटल्याचा आवाज आला. आबांना उताणं करून मी माझ्या छातीवर घेतलं. एक शेतकरी काठानं दोर घेऊन आमच्याबरोबर पळत होता, त्यानं दोर टाकला. शेवाळावरून आम्हा दोघांना पोत्यासारखं ओढून वर घेतलं. आबांचे गुडघे सोलून निघाले.

रेस्क्यू किटमध्ये नवीन कोरी ब्लँकेट्स होती. मी मंडपात पोचलो तोवर ती पाहुण्यांच्या, देवरेसाहेबांच्या आणि क्लार्कच्या अंगावर होती. ॲम्ब्युलन्स पाहुण्यांना घेऊन गेलीसुद्धा. पाहुणे स्वतःच्या पायांनी चढून आत बसले, असं लोक कौतुकानं सांगत होते. आबांना आम्ही मंडपातल्या सतरंजीत गुंडाळलं आणि बोट आणलेल्या माझ्या टेम्पोतून धुळ्याला नेलं. वाटेत ते थरथरायचे थांबले. थरथरणं थांबलं की लोकांना बरं वाटतं, पण ते वाईट लक्षण. शरीरानं हात टेकले असा त्याचा अर्थ. मी ड्रायव्हरला फक्त हॉर्न दाबून ठेव म्हणालो.

आबा वाचले. छातीत पाणी गेलं होतं, न्यूमोनिया झाला. बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. नळी काढल्यावर मी भेटायला गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "खुर्ची सापडनी का?"

मी सांगितलं, सापडेल, आवर्तन संपू द्या. त्यांना ते खरंच बरं वाटलं.

चौकशी लागली. मला वाटलं, आता बोलायची जागा मिळाली. घरी बायको म्हणाली की चौकशी साहेबांची असते, खरी नसते. मी तिला म्हटलं, एवढे लोक बघत होते, फोटो आहेत. फोटोत पाहुणे उभे, साहेब उभे, क्लार्क उभा आणि आबा गुडघ्यावर, हे आंधळ्यालाही दिसेल.

चौकशीला आलेले अधिकारी देवरेसाहेबांच्याच केबिनमध्ये बसले होते. ज्या खुर्चीवर बसले होते ती मी ओळखली. जाळीवर आपटून एक दांडा वाकला होता. बाकी नवं रेक्झिन, नवी गादी, नवा पांढरा टॉवेल.

मी सगळं सांगितलं. लाइफ जॅकेट कोणी काढायला लावली, उठून कोण उभं राहिलं, बोट का कलली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "खुर्ची कोणाच्या ताब्यात होती?"

"साहेब, खुर्चीमुळे बोट—"

"ताब्यात कोणाच्या होती?"

"नामदेव आबांच्या."

"अपघाताच्या वेळी ती जागेवर स्थिर होती का?"

"बोटच स्थिर नव्हती, साहेब."

"म्हणजे नव्हती," ते म्हणाले, आणि टायपिस्टकडे वळले.

मी फोटोंचं विचारलं. ते म्हणाले, फोटोत आबांचे हात दिसत नाहीत, पाठ दिसते.

निकाल लागला. पाहुणे उभे राहणं हा कार्यक्रमाचा भाग. देवरेसाहेबांनी पाहुण्यांना वाचवायचा प्रयत्न केला, ते उल्लेखनीय. जॅकेट घालणं-न घालणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आणि शिपाई नामदेव यांनी आसन नीट धरलं नाही, हा कामातला हलगर्जीपणा, म्हणून निलंबन. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ कळायला मला कालव्यात पडावं लागलं.

ज्या माणसानं मरताना खुर्ची सोडली नाही, त्याच्या नावावर खुर्ची सोडल्याचा ठपका. ज्या हातांची बोटं मी गुद्दा मारून सोडवली, ते हात. मी देवरेसाहेबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुमची भावना समजते. पण कोणाच्या तरी नावावर बंद करावं लागतं." त्यात त्यांना काही लागलंसुद्धा नाही. चहा मागवला माझ्यासाठी. मी तो प्यायलो नाही, आणि त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

आबा उन्हाळ्यात निलंबनातच रिटायर झाले. निलंबित माणसाला शाल-नारळ नाही, फेटा नाही, जीपही नाही. त्या दिवशी ते सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसून राहिले, असं त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलं. वाजंत्रीवाल्याला आधीच नाही म्हणून कळवलं होतं. तरी भावकीतले दोन म्हातारे वेशीपर्यंत जाऊन परत आले.

शेठना मात्र त्या भानगडीतून नवीन ऑर्डर मिळाली. शेजारच्या तालुक्याला तशीच बोट हवी होती, एका सुधारणेसह. मान्यवरांचं आसन बोटीच्या तळाला बोल्टनं पक्कं बसवलेलं असावं. शेठनी ड्रॉइंग माझ्यापुढे टाकलं. मी म्हटलं, हे मी करणार नाही, खुर्ची पक्की झाली तर पाहुणे पडताना बोट पुरती उलटेल. शेठ म्हणाले, "तू नाही तर दुसरा लावेल." दुसऱ्यानं लावली. चांगले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, वर्षानुवर्षं गंजणार नाहीत असे.

पावसाच्या तोंडावर मी आबांकडे गेलो. खोकला राहिला होता, जिना चढवत नव्हता. बोलता बोलता मी त्यांना बोल्टचं सांगितलं. मला वाटलं, निदान ते चिडतील. 

"मंग आते धराले मानूस लागाव नही," ते म्हणाले. "बरं व्हयनं."

मी तिथून उठलो ते थेट टेम्पोत येऊन बसलो.  त्यांच्या जागी मी असतो तर त्या ऑफिसला शिव्या घातल्या असत्या. त्यांना आपल्यामागून येणाऱ्या शिपायाची काळजी होती, आणि त्या चांगुलपणाचाही मला राग आला. अजून येतो.

माझं काम तेच आहे. अजून बोटी पोचवतो, अजून ट्रेनिंग देतो. हॉलमध्ये लोकांना सतरंजीवर बसवून सांगतो की बोटीत कोणासाठीही उभं राहायचं नाही, जॅकेट कोणासाठीही काढायचं नाही, आणि पाण्यात पडलात तर हातात जे असेल ते आधी सोडायचं, सांगणारा कोणीही असो. लोक शहाणे असतात. सगळे माना हलवतात, काहीजण मोबाइलवर रेकॉर्डसुद्धा करतात.

मग समारोपाचे पाहुणे दारातून आत येतात, आणि अख्खा हॉल उठून उभा राहतो.